१०६ पराभवांनंतरचा हिवाळा: कॅन्सस सिटी रॉयल्सनं पिचिंग कसं उभं केलं

कॅन्सस सिटी रॉयल्स या अमेरिकन बेसबॉल संघानं २०२३ च्या हंगामात १६२ पैकी १०६ सामने गमावले. संघाच्या इतिहासात यापेक्षा वाईट हंगाम झालेला नाही. २००५ सालीही बरोबर एवढेच पराभव झाले होते. पुढच्याच वर्षी याच संघानं ८६ सामने जिंकले आणि २०१५ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये जागा मिळवली. एका वर्षात ३० विजयांची वाढ.

या यशाची गोष्ट सांगताना सगळे बॉबी विट ज्युनिअरपासून सुरुवात करतात. तेही बरोबरच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा सांभाळणाऱ्या या शॉर्टस्टॉपनं २०२४ मध्ये .३३२ च्या सरासरीनं फलंदाजी केली, ३२ होमरन मारले, ३१ बेस चोरले आणि अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम सरासरीचा मान मिळवला. पण संघाचा जमाखर्च मांडला की वेगळंच चित्र दिसतं. २०२३ मध्ये रॉयल्सनं ६७६ धावा काढल्या होत्या, २०२४ मध्ये ७३५. वाढ ५९ धावांची. दिलेल्या धावा मात्र ८५९ वरून ६४४ वर आल्या, म्हणजे २१५ नं कमी. हा संघ फलंदाजीनं जेवढा सावरला, त्याच्या साडेतीनपटीहून जास्त पिचिंगनं, म्हणजे गोलंदाजीनं, आणि क्षेत्ररक्षणानं सावरला. म्हणून या प्रकरणात मी २०२३-२४ च्या हिवाळ्यातल्या पिचिंगच्या निर्णयांकडेच पाहणार आहे.

दुखणं नेमकं काय होतं

पिचर मोजण्याचं नेहमीचं माप म्हणजे ईआरए: क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून पिचरनं नऊ इनिंगमागे (एक इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव) सरासरी किती धावा दिल्या ते. चारच्या खाली असेल तर ठीक, तीनच्या आसपास असेल तर उत्तम. २०२३ मध्ये रॉयल्सच्या सगळ्या पिचरांचा मिळून ईआरए ५.१७ होता. मेजर लीगच्या तीस संघांत त्यांच्याहून वाईट दोनच होते, ओकलंड आणि कोलोरॅडो.

त्यातही सामना सुरू करणाऱ्या पिचरांची, म्हणजे स्टार्टरांची अवस्था फार वाईट होती. जॉर्डन लाइल्सला दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर देऊन आणलं होतं, ते तो इनिंग खाऊन काढेल या भरवशावर. त्यानं इनिंग खाल्ल्या खऱ्या, पण ६ विजय, १७ पराभव आणि ६.२८ ईआरए या भावानं. झॅक ग्रिंकी हा आपल्या काळातल्या सर्वात हुशार पिचरांपैकी एक. कारकिर्दीच्या शेवटी तो आपल्या पहिल्या संघात परतला होता, पण त्या वर्षी त्याचे विजय २ आणि पराभव १५. ब्रेडी सिंगर वयानं तरुण, तरी त्याचाही ईआरए ५.५२. रांगेतल्या पहिल्या तीन नावांची ही कथा असेल तर खाली काय असणार?

हे एका वर्षात झालं नव्हतं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, रॉयल्सनं सगळा डाव कॉलेजमधून येणाऱ्या पिचरांवर लावला होता. सिंगर, जॅक्सन कोवार, डॅनियल लिंच, क्रिस बुबिच, जॉनथन बोलन हे पाचही जण पहिल्या ५८ निवडींत घेतलेले. पाचांपैकी तिघे जरी टिकले तरी दहा वर्षांची चिंता मिटेल, असा हिशेब. पाच वर्षांनंतर त्यातला एकटा सिंगर नियमित स्टार्टर होता. बुबिचच्या कोपरावर २०२३ च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, लिंच खांद्याच्या दुखण्यानं बेजार झाला आणि कोवारला मेजर लीगचे फलंदाज पेललेच नाहीत. कोवळ्या पिचरांना मेजर लीगच्या दर्जाला आणायची यंत्रणाच संघाकडे धड नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२२ च्या अखेरीस संघबांधणीचे प्रमुख डेटन मूर यांना काढून जे. जे. पिकोलो यांच्या हाती सगळा कारभार आला. त्यांनी टॅम्पा बे संघातून मॅट क्वाट्रारो यांना व्यवस्थापक, म्हणजे मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, म्हणून आणि क्लीव्हलँडमधून ब्रायन स्वीनी यांना पिचिंग कोच म्हणून आणलं, ते याच कारणानं. हे दोन्ही संघ कमी पैशात पिचर घडवण्यासाठी ओळखले जातात. पण शिकवणीचं फळ एका वर्षात दिसत नाही, आणि २०२३ हे त्या दोघांचं पहिलंच वर्ष होतं.

इथे इनिंगचं गणित लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. १६२ सामने, प्रत्येकी नऊ इनिंग, म्हणजे वर्षाला साधारण साडेचौदाशे इनिंग कोणाला तरी टाकायच्याच असतात. स्टार्टर पाच दिवसांतून एकदा येतो. तो सहा-सात इनिंग टिकला तर उरलेल्या दोन-तीन इनिंगसाठी बुलपेनमधले, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातले, सर्वात चांगले दोन-तीन रिलिव्हर (स्टार्टरनंतर येणारे पिचर) पुरतात. तो चौथ्या इनिंगमध्येच कोलमडला की बुलपेनमधली पाचव्या-सहाव्या क्रमांकाची माणसं पुढे येतात, दमतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या सामन्यालाही त्याचा फटका बसतो. कसोटीत एका टोकाकडून भरवशाचा फिरकी गोलंदाज दिवसभर षटकं टाकत राहिला की वेगवान गोलंदाजांना श्वास घ्यायला मिळतो, तो नसला की सगळा माराच विस्कटतो, तसंच हे. रॉयल्सकडे असं टोक सांभाळणारं कोणीच नव्हतं. बुलपेन वाईट दिसत होतं, पण त्या दुखण्याचं मूळ स्टार्टरांत होतं.

सुरुवात हिवाळ्याआधीच झाली

३० जून २०२३ ला रॉयल्सनं अरोल्डिस चॅपमन या रिलिव्हरला टेक्सस रेंजर्सकडे दिलं आणि बदल्यात कोल रेगन्स हा डावखुरा पिचर आणि एक तरुण खेळाडू घेतला. चॅपमन त्यांच्याकडे एका वर्षाच्या ३७ लाख ५० हजार डॉलरच्या करारावर होता. शेवटी जायचाच होता, त्यामुळे त्याला विकणं सोपं. अवघड होतं ते बदल्यात कोणाला मागायचं हे ठरवणं.

रेगन्स टेक्ससचा २०१६ चा पहिल्या फेरीतला खेळाडू. कोपराचा अस्थिबंध एकदा नव्हे, दोनदा जोडावा लागलेला. त्या दोन शस्त्रक्रियांत त्याची सलग काही वर्षं वाया गेली. टेक्ससनं त्याला बुलपेनमध्ये बसवलं होतं आणि तिथे त्याचा ईआरए सहाच्या जवळ होता. रॉयल्सनं त्याला पुन्हा स्टार्टर केलं, स्लायडर हा बाजूला वळणारा चेंडू शिकवला, आणि वाढलेल्या वेगाचा उपयोग करून घेतला. उरलेल्या हंगामात १२ सामने सुरू करताना त्याचा ईआरए २.६४ राहिला. ऑगस्टमध्ये तो अमेरिकन लीगचा महिन्याचा सर्वोत्तम पिचर ठरला. टेक्सस त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदाची मालिका, जिंकले, म्हणून त्यांना या सौद्याचं दुःख नसावं. पण रॉयल्सच्या दृष्टीनं माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला हा सर्वोत्तम व्यवहार आहे. हिवाळा सुरू होताना पहिल्या क्रमांकाचा पिचर त्यांच्या घरात होता. त्यांना शोधायचे होते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे, आणि हा फरक पैशाच्या हिशेबात फार मोठा पडतो. अव्वल पिचर खुल्या बाजारात विकत घेणं कॅन्सस सिटीसारख्या लहान बाजारपेठेच्या संघाला परवडतच नाही.

लुगो आणि वाका

डिसेंबर २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतरानं दोन करार झाले. सेथ लुगो, तीन वर्षं, ४ कोटी ५० लाख डॉलर. मायकेल वाका, दोन वर्षं, ३ कोटी २० लाख डॉलर. दोघेही आधीच्या वर्षी सॅन डिएगो पाद्रेसकडे होते. लुगो ३४ वर्षांचा, वाका ३२ वर्षांचा.

१०६ सामने हरलेल्या संघानं तिशी ओलांडलेल्या दोन पिचरांवर पैसे का घालावेत, हा प्रश्न तेव्हा रास्त होता. नेहमीचा सल्ला उलटा असतो: तरुण घ्या, हरत राहा, ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळवा. पण रॉयल्स तेच करत आले होते आणि त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

लुगोची कारकीर्द विचित्र वळणांची. २०११ च्या ड्राफ्टमध्ये ३४ व्या फेरीत निवडला गेलेला, पाठीची शस्त्रक्रिया झालेला, कोपराच्या अस्थिबंधाला इजा झालेली. न्यूयॉर्क मेट्सनं त्याला अनेक वर्षं बुलपेनमध्ये वापरलं. त्याला स्टार्टर व्हायचं होतं. पाद्रेसनं २०२३ मध्ये ती संधी दिली आणि त्यानं २६ सामने सुरू करून ३.५७ ईआरए राखला. त्याच्याकडे आठ-नऊ प्रकारचे चेंडू आहेत, त्यात जबरदस्त फिरणारा कर्व्हबॉल आघाडीवर. एकाच फलंदाजासमोर तिसऱ्यांदा येतानाही त्याच्याकडे नवीन काहीतरी शिल्लक असतं, आणि सातव्या इनिंगपर्यंत टिकायला हेच लागतं. शिवाय बुलपेनमध्ये गेलेल्या वर्षांमुळे ३४ वर्षांच्या मानानं त्याच्या हाताची झीज कमी होती. धोका होता तो असा, की त्यानं एका हंगामात १५० इनिंग कधीच टाकल्या नव्हत्या.

वाकाची गोष्ट वेगळी. २०१३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून कोवळ्या वयात नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, नंतर खांद्याच्या दुखण्यांनी मागे पडलेला, आणि चेंजअप या फसव्या संथ चेंडूच्या जोरावर पुन्हा उभा राहिलेला. २०२३ मध्ये १४ विजय, ४ पराभव, ३.२२ ईआरए. पाद्रेसकडे त्याला आणखी दोन वर्षं ३ कोटी २० लाखांना ठेवून घेण्याचा पर्याय होता. त्यांनी तो नाकारला. रॉयल्सनं नेमक्या तेवढ्याच वर्षांसाठी तेवढीच रक्कम दिली.

दोन्ही करारांत खेळाडूला मधेच बाहेर पडायची मुभा होती: वाकाला एका वर्षानंतर, लुगोला दोन वर्षांनंतर. संघाच्या दृष्टीनं ही अट तोट्याची, कारण खेळाडू चमकला तर निघून जाणार आणि बिघडला तर गळ्यात पडणार. तरी ती दिली, कारण १०६ पराभवांच्या संघाकडे चांगला पिचर दुसऱ्या कशासाठी येईल? ही अट म्हणजे त्या पराभवांची किंमत होती, आणि ती न कुरकुरता मोजली हे मला पटतं.

मैदानाचाही विचार या निवडीत असणार. रॉयल्सच्या कॉफमन स्टेडियमचं आउटफील्ड तेव्हा मेजर लीगमधल्या सर्वात ऐसपैस आउटफील्डांपैकी एक होतं. इतर मैदानांवर कुंपणापलीकडे जाणारे चेंडू इथे झेल होत. मागे विटसारखा शॉर्टस्टॉप आणि चपळ क्षेत्ररक्षक असतील तर प्रत्येकाला स्ट्राइकआउट करायची, म्हणजे चेंडू खेळूच न देता बाद करायची, गरज नसते. फलंदाजाला चेंडू मारू द्यायचा, पण नीट मारू द्यायचा नाही, अशा धाटणीच्या पिचरला हे मैदान मानवत होतं. लुगो आणि वाका दोघेही त्या धाटणीचे.

बाकीची खरेदी भराभर सांगतो. रिलिव्हर विल स्मिथ ५० लाखांना. तीन वर्षं सलग तीन वेगवेगळ्या संघांतून वर्ल्ड सिरीज जिंकलेला माणूस. ख्रिस स्ट्रॅटन, निक अँडरसन, आणि फेब्रुवारीत बॉस्टनकडून जॉन श्रायबर. कोवारच्या बदल्यात अटलांटाचा काइल राइट, जो २०२२ मध्ये २१ सामने जिंकला होता, पण खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये खेळणारच नव्हता. फलंदाजीसाठी हंटर रेन्फ्रो आणि अॅडम फ्रेझर. आणि फेब्रुवारीतच विटशी ११ वर्षांचा, २८ कोटी ८७ लाख डॉलरहून मोठा करार.

मालक जॉन शर्मन यांनी एवढा हात सैल सोडला त्याचा संबंध अनेकांनी नव्या स्टेडियमशी जोडला. एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटी परिसरातल्या जॅक्सन काउंटीच्या मतदारांसमोर स्टेडियमसाठीच्या विक्रीकराचा प्रस्ताव होता, आणि तो फेटाळला गेला. हेतू काहीही असो, पैसा पिचिंगच्या कामी आला.

मैदानावर काय झालं

लुगोनं ३३ सामने सुरू केले, २०६ हून जास्त इनिंग टाकल्या, १६ विजय मिळवले आणि ईआरए बरोबर ३.०० राखला. अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्कारात तो डेट्रॉइटच्या टारिक स्कूबलच्या मागे दुसरा आला. रेगन्स चौथा: ३२ सामने, ३.१४ ईआरए, २२३ स्ट्राइकआउट. वाका १३ विजय आणि ३.३५. त्याच्या १६६ इनिंग २०१५ नंतरच्या त्याच्या कुठल्याही हंगामापेक्षा जास्त होत्या.

मला सर्वात बोलका वाटतो तो सिंगर. तोच माणूस, तेच मैदान; पण आता त्याला संघाचा आधारस्तंभ व्हायचं नव्हतं, चौथ्या क्रमांकावर येऊन सहा इनिंग टाकायच्या होत्या. ईआरए ५.५२ वरून ३.७१. सगळं श्रेय क्रमांक बदलण्याला देणं अतिशयोक्ती होईल, कारण त्यानं आपल्या ठरावीक दोन चेंडूंना आणखी प्रकारांची जोडही दिली. पाचवा अॅलेक मार्श, ४.५३. पाचव्या क्रमांकासाठी हे पुरेसं आहे.

स्टार्टरांचा मिळून ईआरए ३.५५ आला, मेजर लीगमध्ये सिअॅटलनंतर दुसरा. पण यापेक्षा माझी नजर दुसऱ्या आकड्यावर जाते. या पाच जणांनी मिळून १६२ पैकी १५१ सामने सुरू केले. आजच्या बेसबॉलमध्ये, जिथे कोपरं आणि खांदे आठवड्याला एक या वेगानं जातात असं वाटतं, हे दुर्मिळ आहे. यात प्रशिक्षकांची काळजी होती, आणि नशीबही होतं. दोनदा शस्त्रक्रिया झालेला रेगन्स, खांदा दुखवून बसलेला वाका, आधीच्या वर्षापेक्षा ६० इनिंग जास्त टाकणारा लुगो: तिघेही एकाच वर्षी धडधाकट राहतील हे कोणीही कागदावर लिहून देऊ शकलं नसतं.

दुसरी नशिबाची गोष्टही सांगायला हवी. त्यांच्याच गटात शिकागो व्हाइट सॉक्सचा संघ त्या वर्षी १२१ सामने हरला. त्यांच्याविरुद्ध रॉयल्स १३ पैकी १२ जिंकले. त्या सामन्यांशिवाय बाकी सगळ्या संघांविरुद्ध रॉयल्सचा हिशेब ७४ विजय, ७५ पराभव असा येतो. ज्यांना हे यश फुगवलेलं वाटतं त्यांचा हा सर्वात मजबूत मुद्दा आहे. तो नाकारता येत नाही. तरी १०६ पराभवांच्या संघानं बाकी सगळ्यांशी बरोबरीत खेळणं ही प्रगती लहान नव्हे.

आणि बुलपेन? तिथे हिवाळ्यातली खरेदी जवळजवळ पूर्ण फसली. स्मिथचा ईआरए साडेसहाच्या घरात गेला, स्ट्रॅटनही फसला, अँडरसनला तर हंगामाच्या मधेच सोडलं. श्रायबर तेवढा उपयोगी पडला. रिलिव्हर वर्षाला साठ-सत्तर इनिंग टाकतो. एवढ्या थोड्या इनिंगवरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधणं कठीण, आणि गेल्या वर्षांची पदकं तर काहीच सांगत नाहीत. पिकोलो यांनी इथे हट्ट धरला नाही हे महत्त्वाचं. जुलैत त्यांनी वॉशिंग्टनकडून हंटर हार्वी, टेक्ससकडून मायकेल लोरेन्झन आणि ओकलंडकडून ल्युकस अर्सेग आणला. हार्वी पाठीच्या दुखण्यानं लगेच बाहेर गेला. अर्सेग मात्र, जो आधी तिसऱ्या बेसवर खेळणारा फलंदाज होता, शेवटची इनिंग सांभाळणारा क्लोझर बनला आणि त्यानं ११ सामने वाचवले, म्हणजे संघाची निसटती आघाडी शेवटपर्यंत टिकवली. स्टार्टर सहा इनिंग टिकत असल्यामुळे एक भरवशाचा रिलिव्हर मिळाल्यावरही बुलपेन सावरलं. स्टार्टर आधी आणि बुलपेन नंतर, ही दुरुस्तीची क्रमवारी बरोबर होती असं मी म्हणतो ते यामुळेच.

१ ऑक्टोबर २०२४. बॉल्टिमोरमध्ये वाइल्ड कार्ड मालिकेचा, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा, पहिला सामना. रेगन्सनं सहा इनिंग एकही धाव दिली नाही, आठ फलंदाज स्ट्राइकआउट केले. समोर कॉर्बिन बर्न्सनं आठ इनिंगमध्ये फक्त एक धाव दिली, आणि ती एक धाव विटच्या फटक्यावर आली. निकाल १-०. दुसऱ्या दिवशी २-१. दोन्ही सामन्यांत शेवटची इनिंग अर्सेगची. दोन सामन्यांत तीन धावा काढून प्लेऑफची मालिका जिंकणारा हा तोच संघ होता, जो वर्षभरापूर्वी सामन्यामागे पाचहून जास्त धावा देत होता. पुढे न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना ३-१ नं हरवलं, पण त्यातला एकही पराभव दोन धावांहून मोठ्या फरकाचा नव्हता.

पुढचा हिवाळा

नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल्सनं वाकाशी तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाखांचा नवा करार केला. लगेच सिंगरला सिनसिनाटी रेड्सकडे देऊन जॉनथन इंडिया हा फलंदाज घेतला. बुलपेनसाठी कार्लोस एस्तेवेझ आला, ज्यानं २०२५ मध्ये ४२ सामने वाचवून मेजर लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

सिंगरचा सौदा मला तेव्हाही खटकला होता. फलंदाजी कमजोर होती हे खरं, आणि ती सुधारायला काहीतरी द्यावं लागणार होतं. २०१८ च्या त्या पाच जणांपैकी बुबिच परतत होता, म्हणून एक स्टार्टर जास्तीचा आहे असं गणित मांडलं गेलं. पण जास्तीचा स्टार्टर फक्त मार्चमध्ये असतो. २०२५ मध्ये रेगन्सला खांद्याच्या दुखापतीमुळे १३ सामनेच सुरू करता आले. बुबिच ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघात आला, आणि जुलैअखेर त्याचाही खांदा गेला. इंडियाची बॅट चाललीच नाही. तिकडे सिनसिनाटीत सिंगरनं ३२ सामने सुरू केले आणि १४ जिंकले. रॉयल्स ८२ विजयांवर थांबले, प्लेऑफच्या बाहेर. लुगोशी मात्र त्यांनी जुलै २०२५ मध्येच करार वाढवून घेतला होता, पुढच्या दोन वर्षांसाठी ४ कोटी ६० लाख डॉलर. तो करार २०२६ च्या हंगामापासूनचा, म्हणजे लुगोच्या वयाच्या ३६ व्या वर्षापासूनचा.